आजोबांचा रक्ताचा कर्करोग आणि नातवाची नाळ



एकाच घरात लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते आणि त्याच महिन्यात तिच्या वडिलांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान होते, असा प्रसंग काही कुटुंबांवर येतो. अशा वेळी कोणीतरी सुचवते की, जन्मणाऱ्या बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवा, त्याने आजोबा बरे होतील. नाळेचे रक्त साठवणाऱ्या खाजगी बँकांची गुळगुळीत पत्रकेही हाती पडतात. पैसे भरण्याचा निर्णय बाळंतपणाच्या आत घ्यायचा असतो, म्हणून घाई होते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी करून उरल्या वेळात भात-बटाटा पिकवणाऱ्या माणसाने, किंवा निपाणीकडे ऊस-तंबाखू करणाऱ्याने, अशा वेळी काय ठरवावे? जमिनीचा तुकडा विकून पैसा उभा करावा काय?

आमचे म्हणणे आधीच सांगतो. नाळेचे रक्त हे खरेखुरे औषध आहे. त्याने जगात हजारो रोग्यांचे प्राण वाचले आहेत. पण साठीच्या रोग्याला रोपणाची गरज असेल, तर दाता बहुतेक वेळा घरात आधीच हजर असतो. तो दाता म्हणजे त्याचा धडधाकट मुलगा किंवा मुलगी. असे का, ते समजून घेऊ.

मगजाचे काम

आपल्या हाडांच्या पोकळीत जो मगज असतो, त्यात रक्त तयार होते. या मगजात मूलपेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जन्मभर तयार होत राहतात. मूलपेशी म्हणजे रक्ताचा तरवाच म्हणा ना. तरव्यातच रोग शिरला की लावणीला चांगले रोप मिळत नाही. ल्युकेमियात तसेच होते. बिघडलेल्या पेशी मगजात माजतात आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. मग अंगात त्राण राहत नाही, ताप वारंवार येतो, हिरड्यांतून रक्त येते, मार न लागताही अंगावर काळेनिळे डाग उमटतात.

ल्युकेमियाचा जलद वाढणारा एक प्रकार आणि मगज हळूहळू निकामी करणारे काही रोग उतारवयात अधिक दिसतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना या जलद प्रकाराचा धोका अधिक असतो, कारण तंबाखूच्या धुरात बेंझिन असते. कारखान्यात बेंझिनयुक्त द्रावणे हाताळणाऱ्यांनीही जपावे.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करू. रक्ताच्या प्रत्येक कर्करोगाला रोपण लागत नाही. सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियाच्या एका प्रकारावर २००१ पासून गोळ्या उपलब्ध आहेत आणि त्यांवर माणसे अनेक वर्षे चांगली राहतात. मायलोमा या रोगात दुसऱ्याच्या नव्हे, बहुधा रोग्याच्या स्वतःच्याच मूलपेशी काढून परत देतात. म्हणून निदानाचा कागद हाती आल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की, आमच्या रोग्याला दुसऱ्या कोणाच्या मूलपेशींची खरोखर गरज आहे काय?

नाळेचे रक्त उपयोगी कसे ठरले

दुसऱ्याचा मगज देऊन रोग बरा करण्याचे शास्त्र आपल्याकडे आले त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी मगज-रोपण केले. १९८६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही हे काम सुरू झाले. मगज देणारा शक्यतो सख्खा भाऊ किंवा बहीण असावी लागे.

बाळ जन्मल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त उरते, ते पूर्वी वारेबरोबर पुरून टाकले जाई. त्या रक्तातही मूलपेशी असतात असे शास्त्रज्ञांना दिसून आले. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी पाच वर्षांच्या एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचे रक्त दिले. त्या मुलाला मगज सुकत जाण्याचा जन्मजात रोग होता. तो बरा झाला. पुढे १९९२ साली न्यूयॉर्क येथे सर्वांसाठी खुली अशी नाळरक्ताची बँक सुरू झाली, आणि ज्यांना भावंडाची जुळणी मिळत नव्हती अशा मुलांना परक्या बाळाच्या नाळेचे रक्त मिळू लागले.

या रक्ताचे दोन मोठे गुण आहेत. पहिला असा की, बाळाच्या पेशी अजून कोवळ्या असतात, परक्या शरीरावर तुटून पडत नाहीत. त्यामुळे जुळणी थोडी कमी असली तरी चालते. दुसरा असा की, पिशवी गोठवून तयारच ठेवलेली असते. दात्याची वाट पाहावी लागत नाही.

बियाणे थोडे, रान मोठे

मग वयस्क माणसाच्या बाबतीत अडते कोठे? अडते ते बियाण्याच्या प्रमाणात.

एका नाळेतून साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त मिळते, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढे. रोग्याच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी पेशी असाव्यात, असा सर्वसाधारण हिशोब आहे. १२ किलो वजनाच्या मुलाला ३० कोटी पेशी पुरतात. ६० किलोच्या माणसाला १५० कोटी लागतात. पुष्कळशा पिशव्यांत पेशी १०० कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतात. पाच गुंठ्यांचे बियाणे एकरभर विस्कटले तर रोप विरळ उगवते आणि तण आधी वर येते. येथेही तसेच घडते. पेशी कमी पडल्या की नवे रक्त धरायला उशीर लागतो. मोठ्या माणसाच्या मूलपेशी दिल्यास पांढऱ्या पेशी साधारण दोन ते तीन आठवड्यांत वर येतात. नाळरक्ताने तीन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तेवढे दिवस रोग्याला जंतूंपासून काहीच संरक्षण नसते. तरुण माणूस हे दिवस काढू शकतो. साठीच्या माणसाला एखादा न्यूमोनियादेखील भारी पडतो.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधले. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातील डॉक्टरांनी एका रोग्याला दोन वेगवेगळ्या बाळांच्या पिशव्या देण्याची पद्धत रूढ केली. गंमत अशी की, शेवटी दोहोंपैकी एकाच बाळाचे रक्त टिकते, तरी दोन्हींच्या आधाराने निभावून जाते. दुसरा उपाय जमिनीच्या मशागतीसारखा आहे. पूर्वी रोपणाआधी अतिशय तीव्र औषधे आणि किरण देऊन जुना मगज पार जाळून टाकीत. पन्नाशीपुढच्या माणसाला ते सोसत नसे, म्हणून त्याला रोपण नाकारले जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हलकी मशागत पुरेशी होते असे दिसून आले. औषधे सौम्य द्यायची आणि उरलेला रोग नव्या पेशींनीच मारायचा, अशी ही रीत होय. २००७ साली मिनेसोटाच्या डॉक्टरांनी अशा सौम्य पद्धतीने नाळरक्त दिलेल्या ११० प्रौढ रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. वयस्कांनाही नाळरक्त देता येते हे त्यातून ठरले. जपानात तर आज साठीपुढील रोग्यांनाही नाळरक्त देतात. तेथे सार्वजनिक बँकांची व्यवस्था चांगली आहे, आणि माणसांचे वजनही तुलनेने कमी असते.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत एका नव्या औषधाला परवानगी मिळाली. त्यात एका नाळेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून मग रोग्याला देतात. बियाणे वाढवूनच पेरण्याचा हा प्रकार आहे. मात्र त्याची किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक आहे. आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हे.

मुलगा किंवा मुलगी दाता कसा होतो

आता जुळणीचा हिशोब पाहू. प्रत्येकाच्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. त्यांचा एक संच आईकडून आणि एक बापाकडून येतो. सख्ख्या भावंडाशी दोन्ही संच जुळण्याचा संभव चारात एक असतो. वयस्क रोग्याची भावंडेही म्हातारी झालेली असतात, कोणाला साखर, कोणाला रक्तदाब. पण आपल्या पोटच्या मुलात आपला एक संच असतोच असतो. म्हणजे मुलाची जुळणी निम्मी आणि हमखास.

नातवाचे काय? आजोबांचा संच नातवात उतरेल की आजीचा, हे निम्म्या-निम्म्या संभवाचे असते. उतरला तरी सहा मुख्य खुणांपैकी तीनच जुळल्याची खात्री. नाळरक्तासाठी तर सहापैकी निदान चार जुळाव्यात असा प्रघात आहे. त्यात पेशींचा तुटवडा. म्हणून नातवाची नाळ आजोबांच्या कामी येणे दुर्मीळ.

निम्मी जुळणी पूर्वी धोक्याची मानीत, कारण दात्याच्या पेशी रोग्याच्या अंगावरच उठत. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाच्या डॉक्टरांनी यावर सोपा तोडगा काढला. रोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड नावाचे जुनेच, स्वस्त औषध द्यायचे. जे पेशींचे टोळके भांडायला उठून झपाट्याने वाढत असते, ते या औषधाने मरते; शांत असलेल्या मूलपेशी वाचतात. निवडक तणनाशकाने तण जळते आणि पीक राहते, तसेच हे. गेल्या काही वर्षांत भारतातही ही पद्धत चांगली रुळली आहे. नाळरक्ताची रोपणे मात्र आपल्या देशात फार थोडी झाली.

कोणती पद्धत सरस, याची तुलनाही झाली. १८ ते ७० वर्षे वयाच्या ३६८ रोग्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटून घेण्यात आले. एका गटाला नाळरक्ताच्या दोन पिशव्या, दुसऱ्याला निम्मी जुळणी असलेल्या नातलगाचा मगज. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोग परतण्यावाचून जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठाम फरक दिसला नाही. पण दोन वर्षांनंतर नाळरक्ताच्या गटातील १०० पैकी ४६ जण जिवंत होते, तर नातलगाच्या मगजाच्या गटातील १०० पैकी ५७. उपचाराच्याच त्रासाने दगावणाऱ्यांचे प्रमाणही पहिल्या गटात १८ आणि दुसऱ्यात ११ होते. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. आशा खरी आहे, आणि धोकाही खरा आहे.

दाता होण्याची भीती आपल्याकडे फार आहे. पोराच्या हाडातला मगज काढला तर तो नांगर धरायचा नाही, असे आया म्हणतात. तसे काही होत नाही. बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, त्याने मूलपेशी रक्तात उतरतात. मग एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात घेऊन मूलपेशी वेगळ्या काढतात आणि बाकीचे रक्त परत देतात. काही तास लागतात. अंग दुखते, डोके दुखते, ते थोड्या दिवसांत थांबते. काढलेल्या मूलपेशी शरीर पुन्हा भरून काढते. दात्री लेक असली तरी तिच्या पुढच्या बाळंतपणाला यामुळे बाध येत नाही. ती गरोदर किंवा ओली बाळंतीण असेल, तर मात्र दुसऱ्या भावंडाचा विचार करतात. रोगी स्त्री असेल, तर तिच्या रक्तात मुलांच्या खुणांविरुद्ध द्रव्ये तयार झालेली असू शकतात. त्याची तपासणी आधी करून घ्यावी लागते.

साठवणुकीच्या बँका आणि बाळाचा हक्क

खाजगी बँकेत हजारो रुपये भरून स्वतःच्या बाळासाठीच नाळरक्त ठेवावे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, पुढे स्वतःच्या उपयोगासाठी नाळरक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनेही २०१८ साली असेच मत दिले. कारण सोपे आहे. त्या मुलाला पुढे ल्युकेमिया झाला, तर त्याच्या नाळेतही रोगाचे बीज असण्याचा संभव असतो. तेच बियाणे पुन्हा पेरून काय मिळणार? काही बँका आता सर्व सभासदांचा सामायिक साठा असल्याचे सांगतात. तरी मोठ्या माणसासाठी पेशींच्या प्रमाणाची अडचण तशीच राहते.

याला एक अपवाद आहे. घरात थोरल्या मुलाला थॅलेसेमियासारखा रक्ताचा जन्मजात रोग असेल, तर धाकट्या भावंडाची नाळ त्याच्या उपयोगी पडू शकते. तेथे रक्तरोगतज्ज्ञांचा सल्ला घेऊन साठवण जरूर करावी.

नाळेतल्या रक्तावर पहिला हक्क बाळाचा आहे हेही विसरू नये. जन्मल्यावर निदान एक मिनिट थांबूनच नाळ बांधावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाच्या अंगात जाते आणि पुढचे काही महिने लोह कमी पडत नाही. पिशवी भरण्याच्या घाईने नाळ लवकर बांधली, तर बाळाचा वाटा कमी होतो.

धर्मसभा काय सांगते

मूलपेशी म्हटले की काही श्रद्धावंतांच्या मनात शंका येते. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००८ साली ‘डिग्नितास पर्सोने’ या पत्रकात याचा खुलासा केला आहे. प्रौढ माणसाच्या शरीरातून किंवा जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून, देणाऱ्याला गंभीर इजा न करता घेतलेल्या मूलपेशी वापरण्यास हरकत नाही. भ्रूणाचा नाश करून मिळवलेल्या पेशींना मात्र धर्मसभेचा विरोध आहे. तेव्हा मुलाने बापाला मूलपेशी देणे हे निःसंकोच करावे असे प्रेमाचे कृत्य होय.

दुसरी शंका उलट दिशेची असते. सर्व काही विकून उपचार केला नाही तर पाप लागेल काय? कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २२७८ क्रमांकाच्या परिच्छेदात सांगितले आहे की, फार जड, धोक्याचे किंवा अपेक्षित फळाच्या मानाने अवाजवी असे उपचार थांबवणे योग्य असू शकते, आणि तो निर्णय शक्यतो रोग्याने स्वतः घ्यावा. मरणाची इच्छा धरणे वेगळे आणि मरण अडवता येत नाही हे मान्य करणे वेगळे. रोपण न सोसणाऱ्या वयस्क रोग्यांसाठी सौम्य औषधोपचार असतात, वेदना कमी करणारी सेवा असते, आणि तैलाभ्यंगाच्या साक्रामेंताचे बळ असते. आजोबांच्या तोंडून त्यांची इच्छा ऐकून घ्यावी. त्यांना न सांगता शेत विकू नये.

काय करावे

१. थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर डाग अशी लक्षणे दिसली तर जवळच्या दवाखान्यात रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी. ती तपासणी स्वस्त आहे. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे कर्करोग रुग्णालय ३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाले आहे. तपासणीसाठी आता लगेच मुंबई गाठण्याचे कारण नाही.

२. रोपणाची गरज सांगितली, तर रोग्याच्या सर्व भावंडांची आणि सज्ञान मुलामुलींची एचएलए तपासणी करावी. सासरी दिलेल्या लेकीलाही बोलवावे. कोणता दाता बरा, ते डॉक्टर ठरवतील.

३. रोग्याचे वय किती यापेक्षा हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुस कसे आहे, हे विचारावे. त्यावर पुष्कळ अवलंबून असते.

४. पैशाची जुळवाजुळव करण्याआधी इस्पितळातील समाजसेवकाला भेटावे. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडेही अर्ज करता येतो. कोणत्या इस्पितळात काय मिळेल, ते लेखी विचारून घ्यावे. कर्करोगाच्या रोग्याला रेल्वेभाड्यात सवलत असते.

५. नाळ साठवण्याच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी रक्तरोगतज्ज्ञांना विचारावे की, हे रक्त आमच्या कोणत्या रोग्याच्या कोणत्या रोगासाठी उपयोगी पडेल? उत्तर नेमके मिळाले नाही, तर पैसे भरू नयेत.

६. धर्मग्रामातील तरुणांनी रक्तदान आणि प्लेटलेट्सचे दान करावे. रोपणाच्या दिवसांत रोग्याला याची सतत गरज लागते. चेन्नई येथे २००९ साली स्थापन झालेल्या दात्री या संस्थेसारख्या नोंदवह्यांत मूलपेशी-दाता म्हणून नाव नोंदवता येते. त्यासाठी गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो.

ज्या घरात सध्या असा रोगी असेल, त्यांनी आपल्या धर्मगुरूंना किंवा सिस्टरांना कळवावे. सोबत जायला माणूस, एक-दोन रक्तदाते, आणि रोगी इस्पितळात असताना त्याच्या गोठ्याकडे व पाण्याच्या पाळीकडे पाहणारा शेजारी, एवढे तरी आपला धर्मग्राम नक्की उभे करू शकेल.